ब्राउझर बंद करून उघडला की विंडो भलत्याच येतात, कधी अर्ध्या तर कधी जुन्यापुराण्या

टॅबखोर:

मंडळी, डोकं पार आऊट झालंय म्हणून विचारतोय. विंडोज ११ वर फायरफॉक्स वापरतो, सेटिंग्जमध्ये 'ओपन प्रीव्हियस विंडोज अँड टॅब्ज'वर टिक केलेली आहे, म्हणजे जसा बंद केला तसा उघडायला पाहिजे की नाही? माझ्या कायम तीन विंडो असतात. एक रोजच्या कामाची, एक नंतर वाचू म्हणून ठेवलेल्या गोष्टींची, आणि तिसरी एका भाषांतराची, जे बरेच दिवस चाललंय आणि त्या विंडोत शब्दकोश, मूळ मजकूर, संदर्भाची पानं असं सगळं एका ठराविक क्रमाने लावून ठेवलंय. पहिल्या दोन गेल्या तरी मी जगेन, तिसरी गेली तर अवघड आहे.

होतंय असं की कधी तिन्ही विंडो गुपचूप बरोबर येतात. कधी एकच येते आणि सोबत मीटिंगचं ते छोटं चौकोनी पॉपअप, ज्याला ना टॅब ना वरची पट्टी. आणि कधीकधी तर कहरच, चक्क जुन्या विंडो वर येतात, म्हणजे कित्येक महिन्यांपूर्वीचे टॅब, ज्या कामांचा आता काही संबंधही उरलेला नाही, आणि आत्ताच्या तीन विंडोंचा पत्ताच नाही. आज तेच झालंय. हिस्टरीत जाऊन 'रीसेंटली क्लोज्ड विंडोज' बघितलं तर तिथेही सगळा जुनाच माल.

त्यात आणखी एक, बाहेरचा मॉनिटर लावलेला असतो आणि विंडो आल्याच तरी सगळ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर एकावर एक थापलेल्या येतात, मोठ्या मॉनिटरवरची विंडो त्या मॉनिटरवर कधी येत नाही. हे सगळं एकाच बिघाडाचं आहे का वेगवेगळं? प्रोफाईल (म्हणजे टॅब, पासवर्ड, हिस्टरी हे सगळं जिथे साठतं ते ब्राउझरचं फोल्डर) उडवून नवं करा असा सल्ला एकाने दिलाय पण हात धजावत नाहीये.

उगाच_एक:

इतके टॅब उघडे ठेवायचेच कशाला म्हणतो मी. कंट्रोल-शिफ्ट-डी दाबा, विंडोतले सगळे टॅब एका फोल्डरमध्ये बुकमार्क होतात, विषय संपला. क्रोममध्येही हेच चालतं.

टॅबखोर:

@उगाच_एक हो पण बुकमार्कमध्ये कुठल्या पानावर कुठवर स्क्रोल केलं होतं, मागेपुढे कुठून आलो, अर्धवट भरलेला फॉर्म, हे काही राहत नाही ना. सेशनमध्ये, म्हणजे उघड्या विंडो-टॅबची जी स्थिती ब्राउझर जतन करतो त्यात, ते राहतं म्हणून तर त्याच्यामागे लागलोय.

सरळसोट:

टॅबखोर, पहिली गोष्ट, प्रोफाईलला हात लावू नका. आणि ब्राउझर परत परत बंद-उघड करून 'आता येतंय का' बघत बसू नका, दर वेळी उघडून बंद केलात की मागच्या चांगल्या सेशनची प्रत एक पाऊल मागे ढकलली जाते आणि मग ती पुसली जाते. लोक नेमकं हेच करतात आणि मग म्हणतात सेशन गेलं.

आधी एक प्रत काढून ठेवा. ॲड्रेस बारमध्ये अबाऊट लिहून कोलन देऊन सपोर्ट लिहा, एंटर, त्या पानावर 'प्रोफाईल फोल्डर' अशी ओळ आहे, तिच्यापुढे 'ओपन फोल्डर'चं बटण. त्या फोल्डरात 'सेशनस्टोअर-बॅकअप्स' नावाचं एक फोल्डर दिसेल. ते अख्खं उचलून डेस्कटॉपवर कॉपी करा. कट नाही, कॉपी. एवढं झालं की मग काय वाटेल ते प्रयोग करायला आपण मोकळे.

आता मला दोनतीन गोष्टी सांगा, त्याशिवाय अंदाजाने बोलण्यात अर्थ नाही.

ब्राउझर बंद कसा करता? कोपऱ्यातल्या फुलीने एकेक विंडो, का मेनूतून 'एक्झिट', का मशीनच शटडाउन करता?

जुन्या विंडो येतात तेव्हा टास्कबारकडे नीट बघा. तुम्ही पिन केलेल्या फायरफॉक्सच्या चिन्हाखाली ती छोटी रेघ येते, का त्या चिन्हाला काही न होता उजवीकडे तस्संच आणखी एक चिन्ह उगवतं?

आणि अबाऊट कोलन प्रोफाईल्स हे पान उघडून तिथे काय काय लिहिलंय ते बघा. एका प्रोफाईलखाली लिहिलेलं असेल की हे सध्या वापरात आहे आणि काढून टाकता येणार नाही. त्याच्या 'रूट डिरेक्टरी'चा पत्ता सांगा, युझरनेम झाकून.

तिन्ही लक्षणं एकाच रोगाची नाहीत असं मला आत्ताच वाटतंय, पण आधी उत्तरं येऊ द्या.

केतकी:

फायरफॉक्सचं सरळसोट सांगतीलच, मी क्रोमवाली आहे पण पॉपअपवाला प्रकार अगदी ओळखीचा वाटला म्हणून लिहिते. क्रोममध्येही 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' ठेवलं असलं तरी विंडो फुलीने एकेक करून बंद केल्या तर ब्राउझरच्या दृष्टीने शेवटची विंडो बंद झाली तेव्हा सेशन संपलं, आणि त्या क्षणी जे उघडं होतं तेवढंच 'लेफ्ट ऑफ'. आधी बंद केलेल्या विंडो तुम्ही मुद्दाम बंद केल्यात असंच तो धरणार ना, त्याला काय माहीत तुम्ही घरी निघाला होतात का कंटाळला होतात! त्यामुळे तीन बिंदूंच्या मेनूत सगळ्यात खाली 'एक्झिट' आहे तेच वापरायचं, किंवा ऑल्ट-एफ दाबून मग एक्स. सगळ्या विंडो एकत्र मिटतात आणि एकत्रच उघडतात.

आणि विंडो गेलीच असेल तर उघडल्या उघडल्या, दुसरं काहीही करायच्या आत कंट्रोल-शिफ्ट-टी. क्रोममध्ये हा शॉर्टकट फक्त टॅबच नाही, अख्खी विंडोपण परत आणतो.

टॅबखोर:

@सरळसोट प्रत काढली. आता उत्तरं.

बंद फुलीनेच करतो, एकेक. मीटिंग असलेल्या दिवशी ते पॉपअप कुठेतरी मागे राहिलेलं असतं, ते शेवटी दिसतं आणि मग तेही बंद करतो. काही वेळा सरळ शटडाउन मारतो.

टास्कबारचं तुम्ही म्हणालात म्हणून आत्ता बघितलं आणि हललोच. पिन केलेलं चिन्ह तसंच कोरडं आहे, खाली रेघबिघ काही नाही, आणि पार उजवीकडे दुसरं फायरफॉक्सचं चिन्ह आहे, त्याच्याखाली रेघ. इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. पिन केलेल्यावर क्लिक केलं तर दुसराच फायरफॉक्स उघडला आणि त्यात एक कामाची विंडो आणि ते पॉपअप!!

प्रोफाईल्सच्या पानावर दोन्हीकडे पत्ते वेगळे आहेत. एकात ॲपडेटा, रोमिंग, मोझिला असं सरळ आहे. दुसऱ्यात मध्येच 'पॅकेजेस' आणि 'लोकलकॅश' असं काहीतरी लांबलचक आहे. म्हणजे माझ्या मशीनवर दोन फायरफॉक्स आहेत?

सरळसोट:

हो, दोन आहेत. पत्त्यात 'पॅकेजेस' आहे तो मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेला, दुसरा नेहमीच्या इन्स्टॉलरने टाकलेला. २०२१ च्या शेवटी फायरफॉक्स स्टोअरमध्ये आला, तेव्हापासून हा प्रकार बऱ्याच मशीनवर दिसतो. आणि त्याच्याही आधी, २०१९ मध्ये आवृत्ती ६७ पासून, प्रत्येक इन्स्टॉलला आपलं स्वतंत्र प्रोफाईल मिळायला लागलं. हेतू चांगला होता, साधी आवृत्ती आणि डेव्हलपर एडिशन (वेबसाईट बनवणाऱ्यांसाठीची वेगळी आवृत्ती) शेजारी शेजारी ठेवणाऱ्यांचं प्रोफाईल एकमेकांत गुंतून खराब होऊ नये म्हणून. पण परिणाम असा की एकाच चिन्हाचे, एकाच रंगाचे दोन ब्राउझर, दोघांचे टॅब वेगळे, पासवर्ड वेगळे, हिस्टरी वेगळी, आणि वापरणाऱ्याला वाटतं की ब्राउझरला भ्रम झालाय.

तुमचं होत असणार ते असं. डीफॉल्ट ब्राउझर म्हणून स्टोअरवाला नोंदला गेलाय. तुम्ही मेलमधल्या किंवा चॅटमधल्या लिंकवर आधी क्लिक केलंत की तो जागा होतो, आणि तो इमानदारीत आपलं मागचं सेशन उघडतो, जे कित्येक महिन्यांपूर्वीचं आहे कारण तुम्ही त्याला एरवी हात लावत नाही. ज्या दिवशी आधी पिन केलेल्या चिन्हावर क्लिक करता त्या दिवशी तुमच्या खऱ्या विंडो येतात. म्हणून 'कधीकधी'. जुने टॅब मेलेल्यातून उठून येत नाहीयेत, ते त्या घरात पहिल्यापासून बसलेलेच आहेत, तुम्ही दार चुकताय. आणि म्हणूनच 'रीसेंटली क्लोज्ड'मध्ये पण तुम्हाला जुनाच माल दिसला, तुम्ही दुसऱ्याच ब्राउझरच्या यादीत शोधत होतात.

आता भाषांतराची विंडो. पिन केलेल्या फायरफॉक्समध्येच जा. तिथे एक कामाची विंडो आणि पॉपअप आलंय म्हणालात, हे अगदी नियमाप्रमाणे झालंय. विंडोज आणि लिनक्सवर शेवटची विंडो बंद झाली की सेशन संपलं असं धरतात. शेवटची विंडो पॉपअप असेल तर फायरफॉक्स एवढी दया दाखवतो की त्या पॉपअपबरोबर सगळ्यात शेवटी बंद केलेली एक पूर्ण विंडोही परत आणतो, नाहीतर तुमच्या हाती नुसतं ते चौकोनी डबडंच लागलं असतं. बाकीच्या दोन विंडो 'मुद्दाम बंद केलेल्या' म्हणून बाजूला नोंदलेल्या असतात. त्या फायरफॉक्सच्या हिस्टरी मेनूत 'रीसेंटली क्लोज्ड विंडोज'मध्ये बघा, किंवा सरळ कंट्रोल-शिफ्ट-एन दाबा. फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन म्हणजे बंद झालेली विंडो परत आणणे. क्रोममधून आलेल्यांना वाटतं इन्कॉग्निटो उघडेल, इकडे ते कंट्रोल-शिफ्ट-पी आहे.

ही यादी काही लांबलचक नसते, मोजक्याच विंडो ठेवते, त्यामुळे आत्ता लगेच काढा. मधे नव्या विंडो उघड-बंद करू नका.

टॅबखोर:

आली!! कंट्रोल-शिफ्ट-एन दोनदा, आधी वाचायची आणि मग भाषांतराची, टॅब त्याच क्रमाने. फक्त एक, टॅबची नावं दिसतायत पण क्लिक केल्यावरच पान लोड होतंय, बाकीचे फिकट दिसतायत. हे नॉर्मल आहे ना? का ते पण अर्धवट आलंय?

केतकी:

नॉर्मल आहे हो, घाबरू नका. सगळे टॅब एकदम लोड केले तर मेमरीचा आणि नेटचा जीव जाईल, म्हणून ज्यावर क्लिक कराल तोच लोड होतो.

निवांत:

धागा वाचतेय आणि जरा घुसते, माझा प्रॉब्लेम जवळचाच आहे. माझा एकच फायरफॉक्स आहे, पक्कं, तपासलं. काल तो हँग झाला, टास्क मॅनेजरमधून मारला, उघडला तर परत हँग, परत मारला, मग उघडला तर 'सॉरी, वी आर हॅविंग ट्रबल' असलं काहीतरी पान आलं, मी घाईत 'स्टार्ट न्यू सेशन' दाबलं आणि सगळं रिकामं. त्यानंतर एकदा बंद करून उघडलाय. काही आशा आहे का? का गेलं म्हणून सोडून देऊ?

सरळसोट:

@निवांत सोडू नका, आणि आता ब्राउझर बंद करून तसाच बंद राहू द्या. उत्तर फोनवरून वाचा.

आधी काय झालं ते सांगतो म्हणजे फाईल शोधताना गोंधळ होणार नाही. फायरफॉक्स चालू असताना दर १५ सेकंदांनी, काही बदल झाला असेल तर, चालू स्थिती 'रिकव्हरी.जेसनएलझेड४' या फाईलमध्ये लिहितो आणि तिच्या आधीची प्रत 'रिकव्हरी.बॅकएलझेड४' म्हणून ठेवतो. नीट बंद केला की मूळ प्रोफाईल फोल्डरात 'सेशनस्टोअर.जेसनएलझेड४' नावाची फाईल लिहितो. पुढच्या वेळी उघडल्यावर तीच फाईल वाचतो आणि मग तिला बॅकअप्सच्या फोल्डरात 'प्रीव्हियस.जेसनएलझेड४' या नावाने हलवतो. म्हणून ब्राउझर चालू असताना मूळ फोल्डरात ती सेशनस्टोअर फाईल दिसत नाही, पुष्कळ लोक ती नाही बघून उगाच छाती पिटतात.

पहिल्यांदा क्रॅश झाला तर तो न विचारता रिकव्हरी फाईलमधून सगळं परत आणतो. लागोपाठ दुसऱ्यांदा झाला तर त्याला शंका येते की या टॅबांपैकीच एखादा मला पाडतोय, म्हणून ते सॉरीवालं पान. तिथे खरं म्हणजे सगळ्या विंडो आणि टॅबची यादी असते, संशयित टॅबवरची टिक काढायची आणि बाकीचे परत आणायचे. ते पान वाईट नाहीये, उलट सगळ्यात कामाचं आहे, पण त्याच्यावरच्या दोन बटणांपैकी लोकांचा हात नेमका दुसऱ्यावर जातो.

तुमच्या बाबतीत त्यानंतर एकदा बंद-उघड झालंय, म्हणजे 'प्रीव्हियस' फाईलमध्ये बहुधा ते रिकामं सेशनच असेल आणि रिकव्हरीच्या दोन्ही तर नव्याने लिहिल्या गेल्या असणार. पण तिथे चौथ्या प्रकारची फाईल असते, 'अपग्रेड.जेसनएलझेड४' आणि त्यापुढे डॅश देऊन तारखेसारखा लांब आकडा. फायरफॉक्सची आवृत्ती बदलते तेव्हा तो आदल्या सेशनची अशी प्रत काढून ठेवतो, शेवटच्या तीन अपडेटपर्यंतच्या राहतात. शेवटचं अपडेट कालपरवाचं असेल तर तुमचं जवळजवळ सगळं त्यात सापडेल, महिन्याभरापूर्वीचं असेल तर तेव्हाचं.

फायरफॉक्स पूर्ण बंद असताना (टास्क मॅनेजरमध्ये एकही प्रोसेस नाही याची खात्री करून) विंडोज-आर दाबा, टक्का चिन्ह, ॲपडेटा, टक्का चिन्ह असं टाका, मोझिला, फायरफॉक्स, प्रोफाईल्स असं आत जा. बॅकअप्सचं फोल्डर आधी कॉपी करा. मग फाईलींच्या तारखा आणि साईझ बघा. रिकाम्या सेशनची फाईल अगदी बारीक, काही केबींची असते, भरलेल्या सेशनची शेकडो केबी नाहीतर त्याहून मोठी. साईझ हाच इथला सगळ्यात भरवशाचा पुरावा, नावावर जाऊ नका. जी मोठी आणि योग्य तारखेची वाटेल तिची प्रत मूळ प्रोफाईल फोल्डरात टाका, तिथे आधीची 'सेशनस्टोअर.जेसनएलझेड४' असेल तर तिचं नाव बदलून बाजूला ठेवा, आणि तुमच्या प्रतीला ते नाव द्या. एक्सप्लोररमध्ये फाईलींची एक्स्टेन्शन दिसतायत ना ते आधी बघा, नाहीतर नावापुढे दोनदा एक्स्टेन्शन लागतं आणि ब्राउझर तिकडे ढुंकून बघत नाही. मग उघडा.

त्या फाईली नोटपॅडमध्ये उघडून बघायच्या भानगडीत पडू नका. आत साधं जेसनच (माहिती मजकुरात लिहायची एक पद्धत) आहे, विंडो, त्यात टॅब, त्यात प्रत्येक टॅबची मागची-पुढची पानं, विंडोची रुंदी-उंची, स्क्रीनवरची जागा असं सगळं, पण २०१७ पासून ते एलझेड४ पद्धतीने कॉम्प्रेस करून ठेवलेलं असतं आणि सुरुवातीला मोझिलाची स्वतःची खूण असते, त्यामुळे नेहमीच्या एलझेड४ टूलनेही ते उघडत नाही.

निवांत:

अपग्रेडवाली मिळाली, मागच्या आठवड्यातल्या तारखेची, बाकीच्यांपेक्षा कितीतरी मोठी. टाकली आणि बहुतेक सगळं आलं. मधल्या दिवसांतले काही टॅब नाहीत पण ते हिस्टरीतून काढेन. खूप आभार, खरंच.

उगाच_एक:

मी काय म्हणतो, हे सगळं करण्यापेक्षा बुकमार्क...

केतकी:

@उगाच_एक कळलं हो 😄

बाय द वे क्रोमचंही विचारतील कोणीतरी म्हणून लिहून ठेवते. क्रोममध्ये प्रोफाईलच्या फोल्डरात 'सेशन्स' नावाचं फोल्डर असतं, त्यात सेशन आणि टॅब्ज अशा नावांनी सुरू होणाऱ्या आणि पुढे लांब आकडा असलेल्या फाईली. फोल्डर कुठे आहे ते क्रोम कोलन दोन स्लॅश व्हर्जन या पानावर 'प्रोफाईल पाथ'मध्ये दिसतं. तिथे फायरफॉक्ससारखी बॅकअपची चंगळ नाही, चालू सेशन आणि त्याच्या आधीचं, बस. म्हणजे विंडो गेल्यावर तुम्ही बंद-उघड खेळत बसलात की खरंच गेलं, त्यामुळे कॉपी काढायची घाई क्रोममध्ये जास्त करा.

आणि क्रोममध्ये दोन प्रोफाईल असतील (ऑफिसचं आणि आपलं) तर प्रत्येकाचं सेशन वेगळं असतं. एक प्रोफाईल उघडलं म्हणजे दुसऱ्याच्या विंडो येणार नाहीत, कोपऱ्यातलं ते गोल चित्र बघूनच काय ते ठरवा. टॅबखोरांचं जे झालं तेच क्रोममध्ये या वाटेने होतं.

टॅबखोर:

आता मॉनिटरचं राहिलं. आणि तो दुसरा फायरफॉक्स काढून टाकू का सरळ?

सरळसोट:

काढा, पण आधी त्याच्यातले जे टॅब हवेत ते बुकमार्क करून एक्स्पोर्ट करा (घ्या, उगाच_एक यांचा सल्ला शेवटी इथे लागू पडला), आणि पासवर्ड त्यात सेव्ह झालेत का ते बघा. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, डीफॉल्ट ॲप्समध्ये जाऊन इन्स्टॉलरवाला फायरफॉक्स डीफॉल्ट करा आणि त्यानंतरच स्टोअरवाला अनइन्स्टॉल करा. सिंक (फायरफॉक्स खात्यातून मशीन एकमेकांशी जुळवायची सोय) चालू केलंय म्हणून निर्धास्त राहू नका. सिंकमध्ये दुसऱ्या मशीनवरचे उघडे टॅब यादीत दिसतात खरे, पण विंडोंची रचना, क्रम, मागची पानं हे त्यात येत नाही. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे.

मॉनिटरचं मी वेगळं धरतो. सेशनच्या फाईलीत प्रत्येक विंडोचे आडवे-उभे आकडे लिहिलेले असतात. उघडताना त्या जागी स्क्रीनच नसेल तर विंडो हरवू नये म्हणून ब्राउझर तिला ओढून असलेल्या स्क्रीनवर आणतो. आणि खरी गोची पुढे आहे, १५ सेकंदांत नवी जागा फाईलीत लिहिली जाते, म्हणजे मॉनिटर नंतर जागा झाला तरी विंडोला आपलं मूळ ठिकाण आठवत नाही.

तुमच्याकडे कदाचित विंडोजच सुरू होताना फायरफॉक्स आपणहून उघडतोय, मॉनिटर जागा व्हायच्या आधीच. अकाउंट्समध्ये साइन-इन ऑप्शन्सच्या पानावर 'रीस्टार्टेबल ॲप्स' आपोआप जतन करून परत सुरू करण्याचा एक स्विच आहे, तो बंद करून बघा. दुसरं, सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे मॉनिटरच्या जोडणीप्रमाणे विंडोंची जागा लक्षात ठेवायची टिक आहे, ती चालू ठेवा. लॅपटॉपचं स्केलिंग १५० टक्के आणि मॉनिटरचं १०० असं असेल तर जागा बरोबर येऊनही साईझ थोडी इकडेतिकडे होऊ शकते, त्याला माझ्याकडे उपाय नाही. विंडोज-शिफ्ट-बाण दाबून विंडो दुसऱ्या मॉनिटरवर ढकलायची, मी तेच करतो.

पेंग्विनवाला:

लिनक्सवाल्यांनी मॉनिटरच्या या प्रकरणात वेळ घालवण्याआधी आपण वेलँडवर आहोत का एक्स११ वर (स्क्रीनवर विंडो दाखवायच्या लिनक्सच्या दोन वेगळ्या व्यवस्था) ते बघा. वेलँडमध्ये ॲप्लिकेशनला स्वतःची विंडो स्क्रीनवर कुठे ठेवायची हे सांगायची सोयच नाही, ते कंपोझिटर, म्हणजे सगळ्या विंडो स्क्रीनवर मांडणारा प्रोग्राम, ठरवतो. ब्राउझरने फाईलीत कितीही छान आकडे लिहून ठेवले तरी उघडताना ते वापरता येत नाहीत. केडीई प्लाझ्मा या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये विंडो रूल्स लावून काही प्रमाणात भागतं, टायटलमधल्या शब्दांवरून. बाकी बंद करण्याचं तेच, फुली नको, कंट्रोल-क्यू.

मॅकवर शेवटची विंडो बंद केली तरी ब्राउझर चालूच असतो, तिथे फुलीने सगळं बंद करून मग कमांड-क्यू मारला तर आपोआप परत येण्यासारखं काही शिल्लकच नसतं. हे मॅकवर नव्याने आलेल्यांना कोणी सांगत नाही.

टॅबखोर:

स्टोअरवाला काढला, डीफॉल्ट बदललं. रीस्टार्टेबल ॲप्सचा स्विच खरंच चालू होता, बंद केला. आता मेलमधली लिंक त्याच पिन केलेल्यात उघडतेय. मॉनिटरचं दोन दिवस बघून सांगतो.

अजून एक शंका, मशीन साफ करणारं एक सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे, आठवड्यातून एकदा आपोआप चालतं. त्याच्या यादीत फायरफॉक्सखाली 'सेशन' असं काहीतरी आहे आणि त्यावर टिक आहे. ती काढायची ना?

सरळसोट:

ताबडतोब काढा! आणि तसंच फायरफॉक्सच्या स्वतःच्या प्रायव्हसीच्या पानावर 'क्लिअर हिस्टरी व्हेन फायरफॉक्स क्लोजेस' चालू आहे का तेही बघा. त्यात ब्राउझिंग हिस्टरीवर टिक असेल तर बंद करताना सेशन पण जातं, वर कितीही 'ओपन प्रीव्हियस विंडोज' करून ठेवा. कुकीजवर टिक असेल तर टॅब येतील पण सगळीकडे परत लॉगिन करावं लागेल.

निवांत:

आणि प्रायव्हेट विंडो? मी काही गोष्टी त्यात उघडून ठेवते.

केतकी:

फायरफॉक्स आणि क्रोममध्ये तरी त्या बंद केल्यावर परत येत नाहीत. लिहूनच ठेवल्या जात नाहीत ना, मग आणणार कुठून. ठेवायचं असेल ते साध्या विंडोत ठेवा.